बुरशी, जलबुरशी व आदिजीव : पिकांच्या रोगांतील काही शब्दांचा खुलासा

पिकावर पांढरे, काळे किंवा तांबूस असे काही वाढलेले दिसले म्हणजे आपण त्यास 'बुरशी' म्हणतो आणि दुकानातून 'बुरशीचे औषध' आणून फवारतो. रोजच्या बोलण्यास हा शब्द पुरेसा आहे. फवारणीच्या कामी मात्र तो पुरा पडत नाही. कारण या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या कुळांतील जीव येतात, आणि त्यांपैकी एकास मारणारी कित्येक औषधे दुसऱ्याच्या केसासही धक्का लावीत नाहीत. केवडा पडलेल्या द्राक्षबागेत गंधक धुरळणारा किंवा टोमॅटोवर एका करप्याच्या जागी दुसऱ्या करप्याचे औषध मारणारा बागाईतदार आळशी नसतो. त्याने पैसा खर्च केलेला असतो, मजूर लावलेले असतात, वेळही साधलेली असते. रोगाचे नाव तेवढे चुकलेले असते. त्या आठ दिवसांत पीक हातचे जाते.

सबब या लेखात काही शब्दांचे अर्थ उलगडून सांगण्याचे योजिले आहे. लॅटिन नावांचा भार शक्य तितका टाळला आहे. जे नाव शिफारशीत किंवा औषधाच्या वेष्टनावर हटकून भेटते, तेवढेच दिले आहे.

आरंभी सारख्या उच्चाराचे तीन शब्द वेगळे करू. बीजाणू, जीवाणू व विषाणू हे शब्द शेतकीच्या पत्रकांत जवळजवळ येतात आणि वाचणाऱ्याच्या मनात त्यांची सरमिसळ होते. बीजाणू म्हणजे बुरशीचे बी. तो निराळा जीव नव्हे. जीवाणू हा एकाच पेशीचा, अत्यंत साध्या घडणीचा जीव. त्याच्या पेशीत केंद्रक नसते. डाळिंबावरील तेल्या हा जीवाणूचा रोग होय. विषाणू त्याहूनही सूक्ष्म, व दुसऱ्याच्या जिवंत पेशीत शिरल्यावाचून त्याची संख्या वाढत नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग विषाणूचा असून पांढरी माशी तो पसरविते. तेव्हा भेंडीच्या त्या रोगावर बुरशीचे औषध मारणे म्हणजे ते मातीत ओतण्यासारखेच आहे.

आता खऱ्या बुरशीकडे वळू. शास्त्रीय मराठीत तिला कवक म्हणतात. पूर्वी तिची गणना वनस्पतींत होत असे, परंतु तिच्या अंगी हरितद्रव्य नसल्यामुळे तिला उन्हात स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. ती पाचक रस अंगाबाहेर सोडते, भोवतालचा पदार्थ विरघळविते आणि मग तो शोषून घेते. आपण जेवून पचवितो, ती पचवून जेवते. तिच्या पेशीची भिंत कायटिन नावाच्या द्रव्याची असते. खेकड्याचे व किड्यांचे कवच ज्या द्रव्याचे, तेच हे द्रव्य. कुळाच्या दृष्टीने पाहिले तर कवके झाडांपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची ठरतात.

कवकाचे अंग म्हणजे दोऱ्यासारखे सूक्ष्म धागे. एकेका धाग्यास कवकतंतू व त्यांच्या गुंतवळीस कवकजाल म्हणतात. शिळ्या भाकरीवर जो पांढरा कापूस दिसतो तो हे जाल. त्यावर पुढे येणारी काळी किंवा हिरवी पूड म्हणजे बीजाणू. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी हेही कवकाचेच अंग आहे, किंबहुना ते त्याचे फळ आहे. मूळ झाड म्हणावे ते जाल जमिनीखाली असते. ही गोष्ट रोगांच्या बाबतीतही ध्यानात ठेवावी. पानावर पूड दिसू लागली म्हणजे रोगाची सुरुवात झाली असे आपण समजतो. वस्तुतः तेव्हा रोगाचे पीक कापणीस आलेले असते, आणि पेरणी कित्येक दिवस आधी होऊन गेलेली असते.

मेलेल्या पदार्थावर जगणाऱ्या कवकास मृतोपजीवी म्हणतात. शेणखत कुजविणारी कवके या जातीची. जिवंत झाडावर पोसणारे ते परजीवी. परजीवी कवक झाडाच्या पेशीत एक सूक्ष्म नळीवजा अवयव खुपसून रस ओढते. त्यास शोषक म्हणतात. भुरीचे कवक आपले सारे जाल पानाच्या वर पसरते, आत फक्त शोषके जातात. ते असे उघड्यावर असल्यामुळेच गंधकाच्या भुकटीस सापडते. सर्वच कवके शत्रू नव्हेत, हेही येथेच सांगितले पाहिजे. बियाण्यास चोळतात ती ट्रायकोडर्मा ही बुरशीच असून ती दुसऱ्या रोगकारक बुरशीवर तुटून पडते. ट्रायकोडर्मा लावून त्याच दिवशी त्याच बियाण्यास बुरशीनाशक चोळणारे काही शेतकरी आढळतात. त्यांनी या वाक्याचा विचार करावा.

बीजाणू किती दूर जातो याचे उदाहरण गव्हाच्या तांबेऱ्याइतके चांगले दुसरे नाही. आपल्याकडील मैदानांत गव्हाची कापणी झाल्यावर उन्हाळ्याच्या तापात तांबेऱ्याचे बीजाणू जगत नाहीत. मग पुढील हिवाळ्यात तो येतो कोठून? आग्रा येथील प्राध्यापक करमचंद मेहता यांनी अनेक वर्षे परिश्रम करून दाखविले की हा रोग डोंगरांच्या थंड हवेत तग धरतो व तेथून वाऱ्याबरोबर दरवर्षी नव्याने मैदानात उतरतो. दक्षिणेकडील काळ्या तांबेऱ्याचे उगमस्थान निलगिरी व पळणीचे डोंगर होत. म्हणून तांबेरा हटविण्यास शेत स्वच्छ ठेवणे पुरत नाही. प्रतिकारक वाण पेरावे लागते. उलट ज्वारीच्या दाणेकाणीचे बीजाणू बियाण्यास चिकटूनच शेतात येतात. तेथे किलोभर बियाण्यास ४ ग्रॅम बारीक गंधक चोळले की काम भागते. दोन्ही कवकेच, परंतु एकाची वाट आकाशातून, दुसऱ्याची आपल्याच कणगीतून.

आदिजीव या शब्दाची कथा थोडी निराळी. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली, धड वनस्पती नाहीत व धड प्राणीही नाहीत अशा सूक्ष्म जीवांसाठी प्रोटिस्टा नावाचा तिसरा विभाग सुचविला. पुढे १९६९ साली व्हिटाकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या, त्यांत कवकांस स्वतंत्र सृष्टी दिली व प्रोटिस्टांसही स्वतंत्र ठेविले. शाळेच्या पुस्तकांतून हीच मांडणी घरोघर पोहोचली. या प्रोटिस्टांस आम्ही येथे आदिजीव म्हणतो. त्यांच्या पेशीत केंद्रक असते, म्हणून ते जीवाणू नव्हेत. बहुतेक एकपेशीय असतात व पुष्कळांना पाण्यात पोहता येते. खरे सांगावयाचे तर आदिजीव हे एक कुळ नव्हे, दुसरीकडे कोठे न बसणाऱ्यांचा तो एक मेळा आहे. अलीकडील शास्त्रज्ञ त्यांची अनेक कुळांत फोड करतात.

शेतकऱ्यास आदिजीवांची ओळख पिकाआधी गोठ्यात होते. माणसाचा हिवताप प्लाझ्मोडियम या आदिजीवामुळे होतो. तो डासाच्या पोटात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे पाहिले. घोडे व उंट यांना होणारा सर्रा ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली तेव्हाच्या पंजाबात, डेरा इस्माईल खान येथे ओळखला. रक्तात वळवळणारा तो जीव आदिजीवच. संकरित गाईस गोचिडांमुळे येणारा थायलेरियाचा ताप व लघवी तांबडी करणारा बबेसियाचा ताप हेही याच वर्गातले. या आजारांत गोचीड हे वाहन व आदिजीव हा स्वार, एवढे समजले म्हणजे गोठ्यातील गोचीड निर्मूलनाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

आता या लेखाचा मुख्य विषय. कवकासारखे तंतू काढणारे, कवकासारखेच बीजाणू धरणारे, परंतु कुळाने कवक नसलेले काही जीव आहेत. त्यांस आम्ही जलबुरशी म्हणतो. त्यांच्या पेशीची भिंत मुख्यतः कायटिनची नसून, कापसाचा धागा ज्याचा बनतो त्या सेल्युलोजच्या जातीच्या द्रव्याची असते. त्यांचे सगेसोयरे पाहू गेल्यास ते समुद्रातील तपकिरी शेवाळ्यांत सापडतात. आणि सर्वांत महत्त्वाचा फरक असा की त्यांच्या बीजाणूंना पोहता येते. अशा बीजाणूस चलबीजाणू म्हणतात. त्यास दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारख्या दोन बारीक शेपट्या असतात. द्राक्षाच्या पानावर पाण्याचा पातळ थर असला की केवड्याचे चलबीजाणू त्यात पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात, तेथे शेपट्या टाकून देतात आणि आत तंतू घालतात. पान कोरडे असेल तर हा प्रवास होत नाही.

या जीवाने जगाच्या इतिहासात केवढा अनर्थ केला आहे! १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. तेथील गरीब कुळे बटाट्यावरच जगत होती. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली आणि तितकीच देश सोडून गेली. रोगाचे कारण कोणी हवेत शोधले, कोणी दैवी कोपात. अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६१ साली हा रोग त्या सूक्ष्म जीवामुळेच होतो हे प्रयोगाने दाखविले व पुढे १८७६ साली त्यास फायटोफ्थोरा, म्हणजे वनस्पतींचा संहार करणारा, असे नाव दिले. आपल्या देशात पुसा येथील एडविन बटलर यांनी १९१८ साली पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही हे जीव कवकांतच गणले आहेत. तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच होते. जुनी पुस्तके वापरणाऱ्यांनी एवढा फरक लक्षात ठेवावा, म्हणजे ती आजही उपयोगी पडतील.

आपल्याकडील जलबुरशीचे रोग कोणते? द्राक्षाचा केवडा, बटाटा व टोमॅटो यांवरील उशिरा येणारा करपा, बाजरीचा गोसावी, ज्यात कणसाच्या जागी हिरव्या पानांचा जटेसारखा झुबका येतो, कोकणातील सुपारीचा कोळेरोग, ज्याचा अभ्यास म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी करून १९१० साली प्रसिद्ध केला, विदर्भातील संत्र्याचा डिंक्या, आले व हळद यांची कंदकूज, वाफ्यातील रोपांची मान जमिनीलगत मऊ पडून ती कोलमडणे. ही यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट आपोआप दिसते. यांतील एकही रोग कोरड्या जागेचा नाही. साचलेले पाणी, ओले खोड, दव, संततधार यांवाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नाही.

म्हणून येथे औषधाआधी पाण्याचा विचार करावा लागतो, आणि संत्र्याची बाग त्यास उत्तम उदाहरण आहे. झाडाच्या बुंध्याशी आळे करून पाणी भरणे म्हणजे फायटोफ्थोराच्या चलबीजाणूंस खोडापर्यंत होडी करून देणेच होय. आळे दुहेरी असावे, आतील वर्तुळात खोडाभोवती मातीचा चढ असावा व पाणी बाहेरच्या वर्तुळात फिरावे. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच असावा. खोल लावून डोळा मातीत गाडलेली कलमे डिंक्यास सर्वांआधी बळी पडतात. जंबेरीच्या खुंटापेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट या रोगास अधिक तोंड देतो. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर खोडास मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावे : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. आले-हळदीस गादीवाफा व निचऱ्याचे चर हेच पहिले औषध.

औषधांकडे आता येऊ. खऱ्या कवकाच्या पेशीच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते व ते कवक स्वतः बनविते. हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनकोनॅझोल अशी ज्यांची नावे 'कोनॅझोल' या अक्षरांनी संपतात, ती औषधे हे द्रव्य बनण्याचे काम बंद पाडतात. जलबुरशी हे द्रव्य बनवीतच नाही. जो कारखानाच नाही त्यास टाळे लावून काय उपयोग? म्हणून भुरी व तांबेरा यांवर गुणकारी असणारी ही औषधे केवड्यावर निरुपयोगी ठरतात. मेटॅलॅक्झिलचा प्रकार नेमका उलट : ते जलबुरशीवर चालते, भुरीवर चालत नाही. बाजरीच्या गोसावीसाठी ३५ टक्के मेटॅलॅक्झिल किलोभर बियाण्यास ६ ग्रॅम चोळतात ते याच कारणाने. १९६५ पासून संकरित बाजरी आली व १९७० नंतर लवकरच तिच्यावर गोसावीने मोठा घाला घातला, हे जुन्या मंडळींस आठवत असेल; पीक वाढविणारे वाण रोगासही वाढविते काय, हे पाहिल्यावाचून शेतभर पेरू नये असे आमचे मत त्या अनुभवावरून झाले आहे. मेटॅलॅक्झिल मात्र एकटेच वारंवार मारू नये. १९८० साली आयर्लंड व हॉलंड येथील बटाट्यांवरील करपा त्यास जुमानेनासा झाला, आणि तेव्हापासून ते मँकोझेबसारख्या औषधाबरोबर मिसळून देण्याचा प्रघात पडला आहे.

दोन्ही कुळांवर थोडेबहुत चालणारे जुने औषध म्हणजे तांबे. फ्रान्समध्ये १८७८ साली अमेरिकेतून केवडा आला. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून बोर्डो प्रांतातील मळेवाले रस्त्यालगतच्या ओळींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच ओळींची पाने हिरवी राहिली आहेत हे प्राध्यापक मिलार्दे यांच्या १८८२ साली नजरेस आले व १८८५ मध्ये त्यांनी बोर्डो मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. चोरांसाठी केलेली तजवीज रोगास लागू पडली. एक टक्का मिश्रणास १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १०० लिटर पाणी लागते. मोरचूद धातूच्या भांड्यात भिजवू नये. तयार मिश्रणात लोखंडी विळा थोडा वेळ धरावा. त्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा, नाहीतर पाने जळतील. मिश्रण केले त्याच दिवशी संपवावे.

राहता राहिला ओळखण्याचा प्रश्न. द्राक्षाची भुरी पानाच्या वरच्या बाजूस राखेसारखी बसते व बोटाने पुसता येते; तिला पाण्याच्या थेंबाची गरज नसते. केवड्याचा डाग वरून तेलकट पिवळा दिसतो आणि त्याच्या नेमका खाली, पानाच्या पाठीवर, पांढरी लव येते. शंका असेल तर तेलकट डागाची पाने संध्याकाळी ओल्या कागदासह पिशवीत घालून रात्रभर सावलीत ठेवावीत. सकाळी पाठीवर लव उमटली तर तो केवडा. टोमॅटोच्या दोन करप्यांचा भेदही डोळ्यांनी करता येतो. लवकर येणारा करपा खऱ्या कवकाचा. तो प्रथम खालच्या जुन्या पानांवर येतो व त्याच्या डागात एकात एक अशी वलये असतात. उशिरा येणारा करपा जलबुरशीचा; त्याचे डाग पाणचट, वलयांवाचून, आणि गार व ओलसर सकाळी कडेला खालून पांढरट. आपण दोहोंसही नुसते 'करपा' म्हणतो आणि दुकानदारही तेवढाच शब्द ऐकून औषध देतो. निदान 'लवकरचा' की 'उशिराचा' एवढे तरी त्यास सांगावे.

केवडा हा शब्द तर याहून फसवा आहे. केवड्याच्या पातीसारखा फिकट रंग आला की आपले लोक त्यास केवडा म्हणतात. सोयाबीन व मुगाचा पिवळा केवडा विषाणूचा, उसाचा केवडा बहुधा जमिनीतून लोह न मिळाल्याने पडणारा, आणि द्राक्षाचा जलबुरशीचा. नाव एकच, पण एकास माशी आवरावी लागते, दुसऱ्यास हिराकस द्यावी लागते, तिसऱ्यास पान कोरडे ठेवावे लागते.

मर या शब्दासंबंधीही असेच. तुरीची मर फ्युजेरियम या जमिनीतील कवकाची असते. खोड उभे चिरले असता आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात. टोमॅटो किंवा वांग्याचे हिरवे झाड एकाएकी माना टाकते तेव्हा ते जीवाणूचे काम असण्याचा संभव असतो. खोडाचा ताजा काप काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टांगून धरावा. काही मिनिटांत कापातून दुधासारखी धार खाली उतरली तर जीवाणू समजावा. तेथे बुरशीचे कोणतेही औषध खरेदी करू नये.

एवढ्याने उलगडा न झाला तर नमुना कृषि महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे न्यावा. पूर्ण वाळलेले पान नेऊ नये, त्यावर मृतोपजीवी कवके चढलेली असतात व मूळ अपराधी दडून राहतो. अर्धे निरोगी, अर्धे रोगट असे पान घ्यावे, पाने वर्तमानपत्राच्या घड्यांत कोरडी ठेवावीत, मर असेल तर मुळे भोवतालच्या मातीसह आणावीत, आणि शेवटची फवारणी कोणत्या औषधाची व कोणत्या तारखेस झाली हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे.